ईजीआर बदलला, बिल भरलं आणि बिघाड निघाला व्हॅक्यूम पाइपचा. पैसे परत मिळतील का?

प्रश्न: आमची डिझेल गाडी भेरूघाट चढताना दम सोडायला लागली, चेक इंजिनचा लाइटही लागला. वर्कशॉपने ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेल्या गॅसचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप) बदलून ३४,००० घेतले. थोड्याच दिवसांत लाइट परत आला, तर न विचारता प्लेट ठोकून ईजीआर बंद केला आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधला त्याच्या बिघाडाचा कोडही बंद केला. लाइट गेला पण पिकअप नाहीच, आता म्हणतात टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पार्ट) बदला, ७०,००० लागतील. ओळखीच्या मेकॅनिकने व्हॅक्यूमचा चिरलेला पाइप बदलला आणि गाडी मस्त चालतेय. वर्कशॉप म्हणतं जॉब कार्डवर तुमची सही आहे. पोलिसात जाऊ का? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

ताई, पोलिसात जाऊन काही हाती लागणार नाही. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासून फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं आणि वर्कशॉपवाले सरळ म्हणतील की आम्हाला तसंच वाटलं. तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा आहे आणि तिथे तुमची बाजू मला चांगली वाटते, फक्त "निदान चुकलं" एवढंच लिहून तक्रार देऊ नका, कारण निदान कोणाचंही चुकू शकतं. तपासणी न करताच पार्ट बदलला, हा मुद्दा धरा.

तो का धरायचा ते नीट समजून घ्या, सुनावणीत तुम्हालाच सांगायचंय. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा इनटेकमध्ये पुरेसा व्हॅक्यूम तयार होत नाही म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि तुमच्यासारख्या गाडीत त्याच पंपावरून बारीक रबरी पाइपांनी ब्रेक बूस्टर, ईजीआर व्हॉल्व्ह आणि टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर (टर्बोचा जोर कमी-जास्त करणारा भाग) चालतो. पाइप चिरला की ईजीआर उघडत नाही आणि टर्बोचं प्रेशरही बनत नाही, म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. स्कॅनरवर पी०४०१ हा बिघाडाचा कोड आला असेल तर तो एवढंच सांगतो की ईजीआरमधून गॅस कमी जातोय, व्हॉल्व्ह खराब आहे असं तो कुठेच म्हणत नाही. पाइप, सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा-थांबवणारा विजेचा स्विच), व्हॉल्व्हमधला फाटलेला रबरी पडदा, काजळीने भरलेला कूलर, एअर फ्लो सेन्सर, कशानेही तो येतो. हातपंपाने व्हॉल्व्हला व्हॅक्यूम देऊन तो टिकतो का हे बघायला, आणि गेज लावून पाइपात व्हॅक्यूम पोचतोय का हे बघायला असा किती वेळ लागतो? ते न करता आधी व्हॉल्व्ह आणि मग टर्बो विकायला निघाले, याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतली कमतरता म्हणतात. सहीचं म्हणाल तर ती कामाला परवानगी होती, न तपासता काम करायला नव्हती.

म्हणून नोटिशीत पहिली मागणी हीच लिहा की व्हॉल्व्ह बदलण्याआधी कोणती टेस्ट केली, तिचं रीडिंग काय होतं आणि जुना व्हॉल्व्ह कुठे आहे. नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पंधरा दिवस द्या. उत्तर आलं नाही तर ते गप्प बसणंही तुमच्या कामाचंच आहे. आणि तो चिरलेला पाइप कृपा करून फेकू नका! पिशवीत सील करा, फोटो काढा, मेकॅनिककडून काय सापडलं आणि काय बदललं हे तारखेसह लिहून घ्या, त्याच्या कामाचं बिलही घ्या. परवाना असलेल्या मोटार सर्व्हेयरचा लेखी अहवाल जोडला तर अजून बरं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं डिलीट करू नका, फोनही बदलू नका.

तुम्ही जे विचारलं नाहीत त्याची मला जास्त काळजी वाटतेय, ती प्लेट. ईजीआर बंद करणं म्हणजे कंपनीने दिलेली प्रदूषणाची यंत्रणा काढणं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ आणि १८२ए(४) खाली गाडीतल्या बेकायदा बदलाची जबाबदारी मालकावर येऊ शकते, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा दोन्ही. पीयूसीत पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका, डिझेलच्या पीयूसीत धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत, आणि ईजीआर असतो तो नेमका तेच कमी करायला. प्लेट काढण्याआधी ती गाडीत असतानाचे फोटो काढा. मूळ व्यवस्था आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पूर्ववत करून द्या असं नोटिशीतच लिहा, नाही केलं तर दुसरीकडे करून घ्या आणि ते बिल दाव्यात जोडा. तुम्हाला न विचारता हे केलंय, आयोगासमोर हा मुद्दा व्हॉल्व्हइतकाच भारी आहे.

तक्रार इंदूरच्या जिल्हा आयोगातच होईल, तुम्ही इथे राहता तेवढं पुरे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार ऑनलाइनही भरता येते, वकील लावायलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं, व्हॉल्व्हच्या बिलाच्या तारखेपासून मोजून चाला. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव, त्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्येच ठरवलंय. मागणीत ३४,०००, प्लेट काढायचा खर्च, मेकॅनिकचं बिल, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा लिहा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, काही वर्कशॉप तेवढ्यानेच बोलायला तयार होतात. गाडी टॅक्सीत चालत असेल तर मात्र मला आधी कळवा, मग तक्रार जरा वेगळी लिहावी लागेल.