‘पुनर्प्राप्ती’ नको, ‘उतारा’ घ्या

विज्ञानलेखांचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘निःशेष झालेल्या तेलक्षेत्रांतून शिल्लक तेलाची वर्धित पुनर्प्राप्ती’ ही रचना चालेल का? ‘एन्हान्स्ड ऑइल रिकव्हरी’ला याहून बरा शब्द आहे का?

माझ्या मते ही रचना चालू नये. निःशेष म्हणजे ज्यात काहीच उरलेलं नाही ते. त्याच वाक्यात पुढे ‘शिल्लक तेल’ येतं, म्हणजे पहिला शब्द दुसऱ्याला खोटं पाडतो. शिवाय तो वस्तुस्थितीला धरूनही नाही. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. वालुकाश्माच्या किंवा चुनखडीच्या बारीक छिद्रांत ते भरलेलं असतं आणि विहीर खोदल्यावर सुरुवातीला तिथल्या दाबानेच वर येतं. दाब ओसरला की विहीर मंदावते, पण बहुतेक तेल तेव्हाही खडकातच असतं. म्हणून मी ‘दाब ओसरलेलं तेलक्षेत्र’ म्हणेन. ‘आटलेलं’ म्हटलं तर तेलच संपल्याचा समज होतो.

आता ‘पुनर्प्राप्ती’. गमावलेलं राज्य, हरवलेलं आरोग्य परत मिळालं तर ती पुनर्प्राप्ती. हे तेल आधी कधी कुणाच्या हाती आलेलंच नाही, मग ‘पुनः’ कशाला? ‘वसुली’ कर्जाची आणि थकबाकीची, तीही इथे बसत नाही.

खरं तर या अर्थाचा शब्द आपल्याकडे रोज बोलला जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणत्याही ऊस उत्पादकाला विचारा, ‘रिकव्हरी किती?’ तो साखर उतारा सांगेल. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, याच उताऱ्यावर ठरते. गेल्या काही हंगामांत १०.२५ टक्के हा एफआरपीचा पायाभूत उतारा आहे. कच्च्या मालातून हवी ती वस्तू किती निघाली, हा अर्थ त्यात नेमका आहे. मग ‘तेल-उतारा’ म्हणायला काय हरकत? फरक एकच, आणि तो भाषांतरात सांभाळायला हवा: साखर उतारा उसाच्या वजनावर मोजतात, तर तेल-उतारा मुळात खडकात असलेल्या तेलावर. सातबाऱ्याचा उतारा किंवा विषावरचा उतारा यांच्याशी घोटाळा होईल असं मला वाटत नाही. संदर्भ ते काम करतो.

तेव्हा प्रमाणासाठी ‘तेल-उतारा’, प्रत्यक्ष क्रियेसाठी ‘उपसा’ आणि ‘एन्हान्स्ड’वाल्या तंत्रांसाठी ‘उतारावाढ’.

इथे एक सीमा पाळावी. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायमध्ये १९८४ पासून पाणी खाली सोडतात. ते दाब टिकवण्यासाठी आणि तेल विहिरीकडे रेटण्यासाठी. तेलवाले त्याला दुसरा टप्पा मानतात, उतारावाढ नव्हे. त्यासाठीचा ‘जलप्लावन’ हा कोशातला शब्दही मला खटकतो, कारण तो महापुराचा आहे. ‘पाण्याचा रेटा’ पुरे.

उतारावाढ सुरू होते ती तेलाचा किंवा पाण्याचा स्वभावच बदलायला घेतला की. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रात पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करतात. नुसतं पातळ पाणी दाट तेलाला बगल देऊन थेट विहिरीत पोचतं. दाट पाणी तेलाला पुढे ढकलत नेतं. गुजरातेत मेहसाण्याजवळच्या बलोल आणि संथाल क्षेत्रांतलं तेल फारच जड. तिथे खाली हवा सोडून थोडं तेल खडकातच जाळतात, म्हणजे उष्णतेने उरलेलं पातळ होऊन वाहू लागतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७२ पासून कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो तेलात विरघळतो, तेल फुगतं आणि सैल होतं.

या तिन्हींना तुम्ही ‘पॉलिमरचा रेटा’, ‘भूगर्भातलं ज्वलन’ आणि ‘वायूचा रेटा’ म्हणू शकता. ‘पॉलिमर’ला ‘बहुवारिक’ करू नका, वाचक तिथेच अडखळेल. आणि तुमचं मूळ वाक्य असं होईल: ‘दाब ओसरलेल्या तेलक्षेत्रांत उरलेल्या तेलाचा उतारा वाढवणं’.