दोन हजार घरांचा हिशोब वीस लाखांना का लागत नाही

तुमचा प्रश्न असा आहे: दोन हजार घरांत गिझर आणि एसी अर्धा तास बंद ठेवले, घरामागे 0.8 किलोवॉट मागणी उतरली, मग वीस लाख घरं जोडली की 1,600 मेगावॉट मिळायला हरकत काय? गुणाकार बरोबर आहे. पण ग्रिड चालवणारा तो आकडा आपल्या वेळापत्रकात धरणार नाही. मी बरीच वर्षं लोड डिस्पॅचच्या (मागणी आणि वीजनिर्मिती यांचा क्षणाक्षणाचा मेळ घालण्याच्या) टेबलावर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन हजार घरं म्हणजे 1.6 मेगावॉट. राष्ट्रीय ग्रिडवर एवढा चढउतार दर सेकंदाला होत असतो, त्यामुळे तुमच्या प्रयोगात काही चुकलं असलं तरी कुणाला कळलंच नसणार. वीस लाख घरं एका इशाऱ्यावर हलली, तर मात्र ती ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीवर (मागणी आणि पुरवठ्याचा तोल ढळला की हलणाऱ्या आकड्यावर) लगेच दिसतात. 5 एप्रिल 2020 ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ती 31 हजारांच्या आसपास उतरली. वेळ आधी ठरलेली होती आणि जलविद्युत संच कमी-जास्त करायला तयार ठेवले होते, म्हणून निभावलं. मागणी हलवता येते हे त्या रात्री दिसलंच, पण किती हलेल याचा अंदाज दुपटीहून जास्त चुकला. आमची खरी अडचण ही दुसरी गोष्ट आहे.

आता तुमच्या अर्ध्या तासानंतर काय झालं ते बघा, कारण प्रयोगाच्या आलेखात तुम्ही तिथेच थांबलाय. शंभर एसी चालू असले तरी कोणत्याही क्षणी सगळ्यांचे कॉम्प्रेसर चालत नसतात. समजा पन्नास चालतात, पन्नास विसावलेले असतात, आणि ही पाळी आपोआप बदलत राहते. तुम्ही शंभरही बंद केले की पन्नासांचाच भार वाचतो. अर्ध्या तासात मात्र सगळ्या खोल्या तापतात, आणि परत चालू केल्यावर शंभरच्या शंभर कॉम्प्रेसर एकदम धावतात. म्हणजे आधी 50 होते तिथे आता 100. (इन्व्हर्टर एसी थांबत-चालत नाहीत हे खरं, पण तापलेल्या खोलीत तेही पूर्ण जोराने चालतात.) गिझरचंही तेच. बंद पडलेला फीडर (उपकेंद्रातून एका भागाला वीज नेणारी लाइन) परत चालू करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. एका उन्हाळ्यात दोन तास बंद राहिलेला फीडर आम्ही तीनदा चालू केला आणि तिन्ही वेळा तो जास्त भारामुळे ट्रिप झाला, म्हणजे आपोआप तुटला. शेवटी तुकडे करून, थोडा थोडा भार घेत उचलावा लागला. तुमची 1,600 मेगावॉटची घट संध्याकाळच्या शिखराच्या, म्हणजे सर्वाधिक मागणीच्या वेळेच्या, मध्यावर संपली, तर तुम्ही शिखर कापलं नाही, अर्धा तास पुढे ढकलून उंच केलंत.

म्हणून मोठ्या प्रमाणावर बंद करण्यापेक्षा परत चालू करणं जास्त काळजीने आखावं लागतं. घरांचे गट पाडायचे, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटंच थांबवायचं, आणि सोडताना वेळ विखरायची. ब्रिटनमध्ये 2022 पासून नव्या घरगुती ईव्ही (इलेक्ट्रिक गाड्यांच्या) चार्जरांवर हा नियमच आहे: स्वस्त दर सुरू होताच सगळे चार्जर एका क्षणी चालू होऊ नयेत म्हणून प्रत्येकाने 10 मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर करायचा. साधी गोष्ट, पण ती यंत्र विकण्याआधी त्यात घालावी लागते. नंतर लाखो घरांत जाऊन कोण बसवणार?

मोजमाप हे दुसरं दुखणं. न वापरलेली वीज मीटरवर उमटत नाही. एरवी किती वापरली असती हे ठरवायला मागच्या काही दिवसांची सरासरी धरली, तर कडक उन्हाच्या दिवशी ती कमी भरते आणि प्रामाणिक ग्राहक तोट्यात जातो. उलट हुशार ग्राहक इशाऱ्याच्या आधीच वापर वाढवून ठेवतो. माझ्या मते दर वेळी काही घरं चिठ्ठी काढल्यासारखी वगळावीत आणि बाकीच्यांची तुलना त्यांच्याशी करावी. ग्राहकाला समजवायला हे अवघड आहे, पण फसवायला त्याहून अवघड.

लोकांच्या मर्जीवर किती विसंबायचं? ब्रिटनने 2022-23 च्या हिवाळ्यात घरांना मागणी घटवण्याचे पैसे दिले, चाचणीच्या फेऱ्यांना तर युनिटमागे 3 पाउंडांचा हमीभाव होता. 16 लाख घरं आणि व्यवसाय आले, 22 फेऱ्या झाल्या, वाचली 3,300 मेगावॉट-तासांहून थोडी जास्त वीज. भागाकार केला तर सहभागीमागे दर फेरीला जेमतेम 0.1 युनिट. (प्रत्येक फेरीत सगळे नव्हते, हे धरूनही.) कॅलिफोर्नियात 6 सप्टेंबर 2022 च्या संध्याकाळी मोबाइलवर तातडीचा संदेश गेला आणि थोड्याच वेळात 2,000 मेगावॉटच्या आसपास मागणी उतरली. पण तसा संदेश आठवड्यात तीनदा पाठवून बघा!

उलट टेक्सासमध्ये मोठे औद्योगिक ग्राहक राखीव क्षमता म्हणून रिलेवर (फ्रिक्वेन्सी पडताच जोडणी आपोआप तोडणाऱ्या उपकरणावर) जोडलेले आहेत. तिथली 60 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी 59.7 ला आली की अर्ध्या सेकंदात ते सुटतात, कुणालाही विचारावं लागत नाही. फ्रान्समध्ये लाखो घरांचे पाणी तापवण्याचे बंब कित्येक दशकं रात्रीच्या स्वस्त तासांत विजेच्या तारांवरूनच आलेल्या इशाऱ्याने चालू होत आले, आणि 2025 च्या नोव्हेंबरपासून त्यांतले काही तास सौरऊर्जेच्या दुपारकडे सरकवायला सुरुवात झाली. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच चालतं.

तेव्हा वीस लाखांच्या आधी एक काम करा. एकाच फीडरवरची जमतील तेवढी घरं घ्या आणि नुसती बंद करताना नाही, सोडल्यानंतरचे दोन तासही मीटरवर बघा. त्या भागातल्या डीपीवर किती भार चढतो तेही मोजा, कारण राष्ट्रीय ग्रिडला मदत करताना गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला तर पुढच्या वेळी कुणी नाव नोंदवणार नाही. एसी आणि गिझर वेगळे मोजा. गिझर तासभर थांबू शकतो, भर उन्हाळ्यातला एसी तेवढा वेळ थांबवता येत नाही. हा आलेख टाकलात तर वीस लाखांतून खरंच किती धरता येतील ते बघू. माझा अंदाज आहे की आकडा 1,600 च्या निम्म्याखाली येईल.