फुफाट्यातील गाडी, फिल्टर आणि त्याचे कव्हर

प्रश्न : माझी १०० सीसीची जुनी, कार्ब्युरेटरची मोटारसायकल रोज शेताच्या वाटेने चालते. सोयाबीनची मळणी झाल्यापासून पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही घसरले आहेत. एअर फिल्टरच्या कव्हरचा स्क्रूचा कान तुटल्याने ते तारेने बांधले आहे. मेकॅनिक म्हणतात की फिल्टरला हवा मारून तोच बसवू, नाहीतर फिल्टरची पेटी काढून उघडा फिल्टर लावू. काय करावे?
– एक वाचक, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत. फिल्टर चोंदला की इंजिनाला हवा कमी आणि त्या मानाने पेट्रोल जास्त मिळते. पिकअप आणि ॲव्हरेज घसरण्याचे हे नेहमीचे कारण आहे. मात्र आपल्या पत्रातील खरी चिंतेची बाब तारेने बांधलेले कव्हर ही आहे, कारण फिल्टर कितीही चांगला असला तरी कव्हर सर्व बाजूंनी घट्ट बसले नाही, तर काळ्या मातीची बारीक धूळ त्या फटीतून गाळली न जाता थेट आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर घासत राहते.

म्हणून कव्हर, त्याचे रबरी सील आणि फिल्टर एकाच वेळी बदलावेत. मॉडेलच्या केवळ नावावर भाग मागू नये; त्याच नावाच्या गाडीची पेटी वेगवेगळ्या वर्षी वेगळी असू शकते, तेव्हा चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर जुळवून घ्यावा. स्वस्त नकली फिल्टरची कडा अनेकदा नीट बसत नाही, आणि तिथली बचत पुढे इंजिनाच्या कामात जाते.

जुना फिल्टर तेल लावलेल्या कागदाचा असेल, तर हवा मारल्याने किंवा धुतल्याने तो निकामी होतो; तो बदलावाच लागतो. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये (पेट्रोलमध्ये नव्हे) धुऊन, न पिळता दाबून, पूर्ण वाळवून, इंजिन ऑईलमध्ये भिजवून जादा तेल दाबून काढावे. उघड्या फिल्टरचा आवाज काहींना आवडतो खरा. पण त्याने हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडते आणि पावसाचे पाणी थेट त्याच्यावर येते.

बदलण्यापूर्वी फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवून पाहावे. तिथे धूळ लागली तर ती नळी आणि तिचे क्लॅम्पही तपासून घ्यावेत. पुस्तिकेत दिलेले किलोमीटर साधारण रस्त्यांसाठी असतात. मळणीच्या हंगामात त्याच्या निम्म्यावरच फिल्टर काढून पाहावा.