वाचकांचे प्रश्न : अनुलोम-विलोम करताना चक्कर का येते?

प्रश्न : वय ४६. मोबाइलवर व्हिडिओ पाहून रोज सकाळी अनुलोम-विलोम करते. सात-आठ मिनिटं झाली की डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, कधी ओठांभोवतीही. व्हिडिओत म्हणतात, ‘प्राण जागृत होतोय.’ चालू ठेवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आहे तसं नको. जागृत वगैरे काही होत नाहीये, गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर होते आहे. भराभर, भरभरून श्वास घेत-सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात नि डोकं हलकं होतं. रक्ताची आम्लता घटल्यामुळे नसा चाळवतात, म्हणून बोटांना आणि ओठांना मुंग्या. असं झालं की हात खाली घ्या, डोळे उघडा, श्वास त्याच्या त्याच्या गतीने चालू द्या. काही मिनिटांत उतरतं. छातीत दुखलं, एका बाजूचा हात-पाय जड झाला किंवा चक्कर तशीच राहिली, तर थांबून वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा.

आता पद्धत पहिल्यापासून पाहू, कारण घोटाळा बहुतेक वेळा तिथेच असतो.

मांडी घालून बसा. गुडघे वर उचललेले राहत असतील तर बैठकीखाली चादरीची घडी घ्या. जमिनीवर जमत नसेल तर खुर्ची चालते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडा. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका आणि करंगळी डाव्या. बोट नेमकं कुठे टेकवायचं? नाकाचं हाड वरून खाली चाचपत या. हाड संपून मऊ भाग लागतो तिथे. हवा बंद होण्यापुरताच स्पर्श. नाक वाकडं होईल इतकं दाबलं तर मधला पडदा दुसऱ्या बाजूला सरकतो, उघडी नाकपुडीही अर्धी मिटते आणि हवा ओढावी लागते. ओढली की जोर आला, जोर आला की चक्कर. कोपर छातीजवळ खाली ठेवा. तो वर उचलून धरला की खांदा ताठतो आणि त्या बाजूच्या फासळ्या नीट हलत नाहीत.

आधी दोन्ही नाकपुड्यांतून श्वास सोडून द्या. उजवी बंद करून डावीने घ्या. डावी बंद, उजवी उघडून सोडा. उजवीनेच घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. श्वास घेऊन झाला की बोटं बदला आणि सोडायला लागा, मध्ये रोखायचं नाही.

पहिला आठवडा पूरक (श्वास आत घेणं) ४ सेकंद, रेचक (बाहेर सोडणं) ४ सेकंद. एक आवर्तन १६ सेकंदांचं, ९ आवर्तनं म्हणजे अडीच मिनिटांच्या आत काम झालं. एवढं पुरे आहे. मग रेचक ६ सेकंदांवर न्या आणि आवर्तनं १५ करा, बरोबर ५ मिनिटं होतात. ४ आणि ८ हे प्रमाण महिनाभराने, तेही सहज आलं तर. सहज आलं की नाही हे ओळखायची एक खूण आहे : रेचक संपल्यावर पुढचा श्वास झटक्याने आत आला, तर आकडा तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे. रेचकातला एक सेकंद कमी करा. दुसरी खूण आवाज. शेजारी बसलेल्याला तुमचा श्वास ऐकू येता कामा नये. कपालभातीतला झटका अनुलोम-विलोममध्ये आणणारे बरेच दिसतात. ती वेगळी क्रिया, तिचा इथे संबंध नाही.

प्रश्न : वय ६२, बीपीची एक गोळी चालू आहे. वर्गात अनुलोम-विलोम १:४:२ या प्रमाणात कुंभकासह, म्हणजे श्वास रोखून, करायला सांगतात. बीपी उतरेल आणि गोळी सुटेल असंही कानावर आलं आहे.
– एक सेवानिवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गोळी सोडायची नाही आणि कुंभक करायचा नाही. १:४:२ म्हणजे काय ते मांडून बघा. ४ सेकंद घ्यायचा, १६ सेकंद रोखायचा, ८ सेकंदांत सोडायचा; एका श्वासाला २८ सेकंद. हे प्रमाण परंपरेतलंच आहे, पण ते वर्षानुवर्षं बसून शिकणाऱ्यांसाठी, सकाळच्या सामुदायिक वर्गासाठी नव्हे. श्वास जोर लावून रोखला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि सोडताक्षणी रक्तदाब वर-खाली हेलकावतो. बीपी, हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात, काचबिंदू, हर्निया यांपैकी काहीही असेल तर कुंभक वर्ज्य समजा.

जुन्यांनी हे सांगितलेलंच आहे. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो, असं म्हटलं आहे. पुढे चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं मागे लागतं अशी यादीच दिली आहे. प्राणायामाने सगळे रोग जातात ही ओळ मात्र सगळ्यांना पाठ असते. तिच्याच दुसऱ्या अर्ध्या भागात अयुक्त अभ्यासाने सगळे रोग येतात असं लिहिलंय, ते फारसं कुणी म्हणून दाखवत नाही.

कुंभकाशिवाय, ४ आणि ६ च्या प्रमाणात रोज १० मिनिटं करा. संथ श्वासाने काहींचं बीपी थोडं उतरतं. घरी मोजून वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. गोळीचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : उजवी नाकपुडी सकाळी बंदच असते. आधी नाकात ड्रॉप्स घालून बसतो. बरोबर आहे ना?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही. नाक मोकळं करणारे असे ड्रॉप्स आठवड्यापेक्षा जास्त घातले तर औषध उतरल्यावर आतली सूज उलट वाढते आणि ड्रॉप्सशिवाय नाक उघडेनासं होतं. एका वेळी एक नाकपुडी जास्त वाहती आणि दुसरी मंद असणं स्वाभाविक आहे. आतल्या मांसल पडद्यांत रक्त भरतं-ओसरतं आणि काही तासांनी पाळी बदलते. उजवी उघडायची तर डाव्या कुशीवर पाच-दहा मिनिटं पडा, वरची बाजू मोकळी होते. किंवा आधी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, करा : उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण पाऊण सपाट चमचा, साधं मीठ. नळाचं पाणी तसंच वापरू नका, त्यातले जंतू नाकावाटे आत गेले तर क्वचित का होईना जिवावर बेततं. नेतीनंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. एक दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं.

एवढं करूनही तीच बाजू महिनोन् महिने बंद असेल तर पडदा वाकडा असेल किंवा आत मांस वाढलं असेल. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि सर्दीने दोन्ही बंद असताना तोंडाने श्वास घेऊन ‘नेम मोडू नये’ म्हणून बसण्यात अर्थ नाही. दोन दिवस सुट्टी घ्या.

प्रश्न : उन्हाळ्यात घोळणा फुटतो. प्राणायामामुळे असेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कोरड्या हवेने नाकाच्या पुढच्या पडद्याची त्वचा तडकते आणि त्यावर बोटाचा दाब, वाढलेलं नख यांची भर पडते. नखं कापा. कडेला बोटाने किंचित साजूक तूप लावा, आत तेलाचे थेंब सोडू नका. रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही. पुढे झुकून मऊ भाग चिमटीत १० मिनिटं सलग धरा. नंतर आठवडाभर नाक दाबायचा प्राणायाम बंद. वारंवार होत असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तपासून घ्या.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. करू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर करा. भिंतीला पाठ टेकून किंवा खुर्चीत, ४ आणि ४ च्या प्रमाणात, पाच मिनिटं. दम लागला तर आकडे सोडून द्या. कुंभक, भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास), कपालभाती या काळात नकोत.

प्रश्न : उजवा खांदा आखडलाय, हात नाकापर्यंत पोचत नाही.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : डावा हात वापरा. अंगठा डाव्या नाकपुडीवर, अनामिका उजवीवर. काही बिघडत नाही.

प्रश्न : सकाळी चहा घेतल्याशिवाय बसवत नाही. चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धा कप चहानंतर अर्धा तास थांबलात तर चालेल. पोहे-उपमा खाल्ला असेल तर किमान दोन तास, पूर्ण जेवणानंतर साडेतीन-चार. भरल्या पोटाने श्वासपटल खाली उतरायला जागा राहत नाही, श्वास छातीतच अडतो आणि ढेकरा येतात.