उभ्याने खाल्लेला घास

गंगापूर रस्त्यावरच्या माझ्या समुपदेशन कक्षात एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, समोरची व्यक्ती खुर्चीत टेकण्याआधीच ती मला ओळखू येते: "मॅडम, मी काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही." घरचे हसतात, डॉक्टर मान हलवतात. मी मात्र हे वाक्य खोटे मानत नाही, आणि त्याचे कारण मला वंदनाताईंमुळे (नाव आणि तपशील बदलले आहेत) उमगले.

वंदनाताई इंदिरानगरच्या, वय ४३, शाळेत शिक्षिका. एका आरोग्य तपासणी शिबिरात त्यांच्या हाती चिठ्ठी पडली: उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २७.८, आणि पुढे लाल शाईत 'स्थूल' हा शेरा. त्या दिवसापासून त्या सकाळ-संध्याकाळ वजन करून वहीत लिहू लागल्या. आकडा वाढला की दुसऱ्या दिवशी उपास. चतुर्थी आणि एकादशी होत्याच, त्यात या उपासांची भर पडली.

पहिल्या भेटीत आम्ही केवळ त्या आकड्याविषयी बोललो, कारण ज्याची धास्ती आहे ते नीट कळल्याखेरीज मनाविषयीचे बोलणे वरवरचे राहते. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. या सूत्राचे मूळ बेल्जियमचे गणिती अॅडॉल्फ केटले यांच्या १८३०च्या दशकातल्या कामात आहे, आणि ते लोकसमूहांचा अभ्यास करत होते, रुग्ण तपासत नव्हते. चरबी किती आणि स्नायू किती, हे त्यातून कळत नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना मांडली होती. दोघांचाही बीएमआय २२.३, पण सहकाऱ्याच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे कमी वजनातही चरबी अधिक, आणि तीही पोटाभोवती साठते. म्हणूनच भारतीयांसाठी २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे स्थूलता मानतात, आणि जोडीला कंबरेचा घेर पाहतात: स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, पुरुषांसाठी ९०.

"म्हणजे तो शेरा खराच होता?" त्यांनी विचारले.

"खरा होता. पण तो सावध करणारा होता. शिक्षा तुम्हीच सुनावलीत."

खोटा दिलासा देणे मला कधीच मान्य नव्हते. थायरॉईड आणि रक्तातली साखर तपासून घेण्यासाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. थायरॉईड ठीक होते, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती.

चौथ्या भेटीत मी म्हटले, "काल संध्याकाळी स्वयंपाकाला लागल्यापासून दिवा मालवेपर्यंत तुमचे हात काय काय करत होते, तेवढेच सांगा." त्या सांगू लागल्या. मीठ पाहायला चमचाभर भाजी घेतली. कूट करताना मूठभर शेंगदाणे तोंडात गेले. मुलाच्या ताटात अर्धी पोळी उरली होती. पातेल्यात चार घास भात होता, तेवढ्यासाठी फ्रिजमध्ये डबा कशाला ठेवायचा?

"आणि जेवण?"

"रात्री मी जेवतच नाही." हे बोलून त्या थबकल्या. बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत राहिल्या, आणि मीही त्या शांततेत मुद्दामच शब्द घातला नाही. मग अगदी हळू म्हणाल्या, "उभ्याने खाल्लेलं मी धरतच नाही, मॅडम. ताट वाढून बसलं की वाटतं, एवढं वजन घेऊन ही जेवायला बसलीच कशी?"

माझी विचारपद्धती विवेकनिष्ठ आहे. वर्तनाच्या मुळाशी माणूस स्वतःला ऐकवत असलेले एखादे वाक्य असते आणि ते सापडल्याशिवाय कोणताही आहारतक्ता टिकत नाही, असे मी अनेक वर्षांच्या कामावरून ठामपणे म्हणते. इथे ते वाक्य सापडले होते. ज्या बाईने स्वतःचा ताटावरचा हक्कच काढून घेतला आहे, तिला 'कमी खा' हा सल्ला देणे म्हणजे तिला पुन्हा ओट्यापाशी उभे करणे होय.

म्हणून मी उलटे सुचवले. सहा आठवडे वजन उतरवायचे नाही; रात्री आठला सगळ्यांसोबत ताट वाढून घ्यायचे. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, उरलेल्यात वरण किंवा उसळ आणि भाकरी. ताटाबाहेर काही तोंडात टाकायचे नाही. उरलेला भात डब्यात जाईल, नाहीतर वाया जाईल. तो संपवण्याची जबाबदारी त्यांच्या पोटाची नाही. वजनकाटा माळ्यावर गेला, पंधरा दिवसांतून एकदाच खाली येई. शिवणाच्या डब्यातली टेप मात्र हाताशी राहिली. आठवड्यातून पाच दिवस जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास भरभर चालणे सुरू झाले. वजन फारसे घटले नाही तरी चालणे वाया जात नाही, हे मी आवर्जून सांगते: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणे आणि आहार सुधारला, तेव्हा वजनात विशेष फरक न पडताही मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले होते.

आठ महिन्यांनी वजन ६२.५ किलो होते, बीएमआय २६.४ आणि कंबर ८८ सेंटिमीटरवरून ८३. कोष्टकात त्या अजूनही 'स्थूल' याच रकान्यात आहेत आणि हे त्यांना पक्के ठाऊक आहे. शेवटच्या भेटीत त्यांनी रविवारची हकिकत सांगितली. घरचे सगळे मिसळ खायला गेले होते. दर वेळी "मला नको" म्हणून इतरांच्या ताटातले वेचणाऱ्या वंदनाताईंनी या वेळी स्वतःची मिसळ मागवली आणि निवांत बसून खाल्ली. मुलाच्या ताटात एक पाव उरला होता. तो तसाच राहू देऊन त्या उठल्या.