तालमीतून सुमोच्या हेयात: करवीरच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न: मुलगा 17 वर्षांचा, बारावी कला शाखेत. सहा वर्षं तालमीत आहे. उंची 180 सेंटिमीटर, वजन 102 किलो. मोबाइलवर सुमो बघून जपानला जाऊन त्यातच करिअर करायचं म्हणतोय. ओळखीचा एकजण पैसे घेऊन ‘तिकडे लावून देतो’ म्हणतो. पाठवावं का? पगार किती आणि पुढे काय? – एक पालक, करवीर तालुका

उत्तर:

नमस्कार. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. पैलवान घ्यायचा की नाही हे हेयाचा, म्हणजे तिथल्या निवासी तालमीचा, प्रमुख ओयाकाता ठरवतो. पैलवानाच्या राहण्याजेवणाचा खर्च हेया करते आणि त्यासाठी हेयाला जपान सुमो संघटनेकडून पैसे मिळतात. नवख्याकडून फी घ्यायचं तिथे कारणच नाही.

मुलाची इच्छा मात्र उडवून लावू नका. शरीर आणि वय दोन्ही त्याच्या बाजूला आहेत. भरतीसाठी वय 23च्या आत लागतं. 167 सेंटिमीटर आणि 67 किलोची जुनी अट 2023 मध्ये सैल झाली, पण तुमच्या मुलाला ती तशीही आड आली नसती. अडचण वेगळी आहे. हेया जेमतेम पंचेचाळीस आणि एका हेयात परदेशी पैलवान एकच. परदेशात जन्मून जपानी नागरिक झालेला पैलवानही याच मोजणीत धरतात. म्हणजे आधीचा निवृत्त झाल्याशिवाय जागा रिकामी होत नाही आणि त्या जागेवर मंगोलियातली तयार पोरं डोळा ठेवून असतात. जपानमधले दोन हमीदारही लागतात.

पैशांचं गणित नीट समजून घ्या. सुमोत सहा श्रेणी आहेत. महिन्याचा पगार फक्त वरच्या दोन श्रेणींतल्या 70 जणांना, एकूण सहाशेच्या आसपास पैलवानांपैकी. ज्युर्‍यो या दुसर्‍या श्रेणीत महिना 11 लाख येन, म्हणजे साधारण सहा लाख रुपये. सर्वोच्च किताब असलेल्या योकोझुनाला 30 लाख येन. खाली पगारच नाही. वर्षातून सहा स्पर्धा होतात आणि दर स्पर्धेला भत्ता मिळतो. तळाच्या श्रेणीत तो 77 हजार येन आहे, म्हणजे दोन महिन्यांतून एकदा चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये. तिसर्‍या श्रेणीतही 1 लाख 65 हजार येनच. बहुतेक जण पगाराची पायरी न चढताच निवृत्त होतात. मुलाच्या पगाराच्या भरवशावर घराचं कर्ज काढायचं मनात असेल, तर इथेच थांबा.

नवख्याचा दिवस पहाटे पाच-सहाला उपाशीपोटी सुरू होतो. आधी शिको: पाय बाजूला उंच उचलायचा, क्षणभर तोलायचा आणि जमिनीवर आपटायचा, हे शेकड्यांनी. मग मातावारी: पाय दोन्ही बाजूंना पूर्ण फाकवून छाती मातीला टेकवायची, नाही टेकली तर मागून दाबतात. शेवटी बुत्सुकारी: वरचा पैलवान छाती देतो, नवख्याने त्याला आखाडाभर ढकलत न्यायचं, मग लोळण घ्यायची, उठायचं, पुन्हा धडकायचं. दम संपला की खरी मेहनत सुरू होते. पहिलं जेवण अकराच्या पुढे. मासे, कोंबडी, टोफू, भाज्या एकत्र शिजवलेला रस्सा, म्हणजे चांको, आणि भात. रांधणारे कनिष्ठ आणि शेवटी जेवणारेही तेच. मुलगा शाकाहारी असेल तर निभणं फार अवघड. थंडीतही अंगावर फक्त युकाता, म्हणजे पातळ सुती झगा. गाडी चालवायला बंदी आहे. इजिप्तचा ओसुनाआराशी पहिल्या श्रेणीपर्यंत पोचलेला मल्ल, पण गाडीच्याच प्रकरणात 2018 मध्ये त्याला निवृत्त व्हावं लागलं.

कुस्तीतली ताकद आणि तोल कामाला येईल, सवयी मात्र नडतील. पावलाच्या तळव्याखेरीज काहीही मातीला टेकलं किंवा 4.55 मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय पडला की हार. पट काढताना गुडघा टेकतो ना, तिथेच निकाल. फार खाली वाकलं तर समोरचा बाजूला होऊन मानेवर थाप देतो आणि आपण तोंडघशी. वजनी गट नाहीत, त्यामुळे 160 किलोचा माणूस पहिल्या धडकेत अंगावर येतो. गुडघे आणि मान याच तपासण्या आधी करून घ्या. दुखापतीची सवलत 2004 पासून बंद आहे. न खेळलेली स्पर्धा म्हणजे खाली घसरण. तेरुनोफुजी दुसर्‍या क्रमांकाच्या किताबावरून, ओझेकीवरून, गुडघ्यांमुळे आणि मधुमेहामुळे पाचव्या श्रेणीपर्यंत घसरला आणि 2021 मध्ये योकोझुना झाला. असं परत येणं फार विरळा.

आणखी एक गोष्ट पालक म्हणून तुम्हाला माहीत असायलाच हवी. 2007 मध्ये एका हेयात 17 वर्षांच्या नवख्याचा मारहाणीत मृत्यू झाला, प्रमुखाला तुरुंगवास झाला. नंतर नियम कडक झाले. पण हेया मनाप्रमाणे बदलता येत नाही आणि एकदा निवृत्ती दिली की परतीचा दरवाजा बंद. म्हणून ओयाकाता कसा आहे, हे त्याच हेयातून बाहेर पडलेल्यांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

मग करायचं काय? बारावी पूर्ण होऊ द्या. पुढची दोन वर्षं हौशी सुमो. त्यात वजनी गट असतात. आपल्याकडे तो लहान प्रमाणात आहे, तरी मुंबईची हेतल दवे 2009 च्या वर्ल्ड गेम्समध्ये उतरली होती. हेयांपर्यंत पोचायला हौशी स्पर्धेतली ओळखच कामी येते. युक्रेनचा आओनिशिकी 2019 मध्ये ओसाकाच्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत खेळला. तिथे ओळख झालेल्या विद्यार्थ्याच्या आधाराने 2022 मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, तो जपानला गेला. 2023 मध्ये त्याने व्यावसायिक पदार्पण केलं आणि 2025 च्या नोव्हेंबरात विजेतेपद मिळवून ओझेकी झाला. सोबत जपानी भाषा हवीच: परीक्षा पुणे-मुंबईत होतात, त्यातली एन4 ही पातळी तरी गाठा. सुमो पथक असलेल्या जपानी विद्यापीठात प्रवेश हाही रस्ता आहे. त्यात पदवी हाती राहते.

निवृत्तीनंतर संघटनेत ओयाकाता म्हणून राहायला जपानी नागरिकत्व लागतं, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. तेव्हा पदवीचं शिक्षण बाहेरून चालू ठेवा आणि इथली कुस्तीही सोडू देऊ नका. पोलीस, रेल्वे, सैन्यदलातला खेळाडू कोटा कुस्तीवर मिळतो. 21व्या वर्षापर्यंत एकाही ओयाकाताने प्रत्यक्ष बोलावलं नाही, तर सगळा जोर तिकडे लावा.