लग्नाच्या फोटोग्राफीचं मार्केटिंग: एआय नेमकं कुठे वापरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगली-कोल्हापूर भागात दोघांचा स्टुडिओ आहे, काम मुख्यतः लग्नांचं. इन्स्टाग्रामवर फोटो नियमित जातात, पण चौकशा वाढत नाहीत. मार्केटिंगसाठी एआय कसं वापरायचं आणि पैसे कुठे घालायचे?

आधी काय करायचं नाही ते सांगतो. एआयकडून चित्रं बनवून घेऊन जाहिरात करू नका. तुम्ही विकता तेच मुळी फोटो. शिवाय एआयच्या नवरीच्या मुंडावळ्या कुठेही लटकतात, नथ भलत्या नाकपुडीत जाते, अंतरपाटाच्या जागी ओढणी येते. नवरीच्या आईला हे एका नजरेत कळतं आणि मग तुमच्या खऱ्या फोटोंवरही शंका येते. एआय कामाला येतं ते फोटोग्राफर ज्याचा कंटाळा करतात तिथे: चौकशीला वेळेवर उत्तर, पाठपुरावा, रिव्ह्यू मागणं, मजकूर लिहिणं. चौकशा गळतात त्या बहुतेक इथेच.

म्हणून सुरुवात इन्स्टाग्रामपासून नको, व्हॉट्सअ‍ॅपपासून करा. गेल्या सीझनच्या तीस-चाळीस चौकशा निवडा, त्या चॅट 'एक्स्पोर्ट' करून घ्या (मीडियाशिवाय), नावं आणि नंबर काढून टाका आणि तो मजकूर चॅटजीपीटी किंवा जेमिनीला द्या. सोबत ही सूचना:

'या चौकशांत लोक काय काय विचारतात आणि बोलणं कुठे थांबतं ते गटवार सांग. स्वतःचे अंदाज घालू नकोस. प्रत्येक मुद्द्याखाली चौकशीतलं मूळ वाक्य जसंच्या तसं दे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की कुठल्याही धंद्याला लागू पडेल असं गुळगुळीत उत्तर मिळतं. मूळ वाक्यं समोर आली की चित्र बहुतेक असं दिसतं: समोरून 'रेट पाठवा', तुमच्याकडून चार तासांनी पॅकेजची पीडीएफ, आणि पुढे शांतता. लोकांना पीडीएफ नको असते. आपली तारीख मोकळी आहे का आणि आकडा साधारण कितीपासून सुरू होतो, एवढंच त्यांना हवं असतं.

आता एआयकडून पहिलं उत्तर लिहून घ्या. मर्यादा ५० शब्दांची घाला. साधारण असं काहीतरी हाती यायला हवं:

'नमस्कार. लग्नाची तारीख, कार्यालय आणि गाव कळवाल का? साखरपुडा, हळद, लग्न यांपैकी कशाचे फोटो हवेत तेही सांगा. दोन फोटोग्राफर आणि एक व्हिडिओग्राफर असं एका दिवसाचं काम अमुक रकमेपासून सुरू होतं. तारीख मोकळी आहे का ते आज संध्याकाळी सातपर्यंत सांगतो.'

एआयचा पहिला मसुदा असा येणार नाही. त्यात 'तुमच्या आयुष्यातील अविस्मरणीय क्षण' असेल आणि आकडा नसेल. ते क्षण काढा, आकडा घाला. दुसरा घोळ संबोधनाचा: एकाच निरोपात 'तुम्ही', 'आपण' आणि मध्येच 'तुझ्या' असं येतं. चौकशी मुलीच्या वडिलांकडून असेल तर 'आपण', जोडप्याकडून असेल तर 'तुम्ही', असे दोन वेगळे मसुदे करून घ्या. तिसरा घोळ हिंदीचा. हळदीचं 'हल्दी' होतं, सप्तपदीचे 'फेरे' होतात. एकदाच शब्दांची यादी देऊन टाका (केळवण, साखरपुडा, हळद, सप्तपदी, करवली, कार्यालय, स्वागत समारंभ) आणि हेच शब्द वापर म्हणून सांगा. चॅटजीपीटीत ही यादी 'कस्टम इन्स्ट्रक्शन्स'मध्ये ठेवली की दरवेळी द्यावी लागत नाही.

तयार मसुदे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या 'क्विक रिप्लाय'मध्ये टाका. तिथे ५० पर्यंत बसतात आणि तिरकी रेघ टाइप केली की यादी उघडते. पाठपुराव्याचे दोनच निरोप ठेवा, दुसऱ्या दिवशी एक आणि आठवड्याने एक. त्यानंतर थांबा. ब्रॉडकास्ट लिस्टवर (एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायची सोय) फार विसंबू नका. एका यादीत २५६ जण बसतात खरे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप पोहोचतच नाही, आणि नव्या चौकशीवाल्याने नंबर सेव्ह केलेला नसतो.

यानंतर गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर तुमच्या धंद्याची जी माहिती दिसते ती. हे फुकट आहे आणि इन्स्टाग्रामपेक्षा जास्त दुर्लक्षित. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा असते. एआयला तुमची गावं, कामाचे प्रकार, टीमची माणसं आणि फोटो किती दिवसांत देता हे सगळं द्या आणि सांगा: 'विशेषणं नकोत, पहिल्या दोन ओळींत गाव आणि काम यायला हवं.' मुख्य प्रकार 'लग्नाचे फोटोग्राफर' असाच निवडा. नुसतं 'फोटोग्राफर' ठेवलं तर पासपोर्ट फोटोवालेही त्याच रांगेत येतात.

रिव्ह्यू मागायची वेळ महत्त्वाची. अल्बमची वाट पाहू नका, निवडक फोटोंचा पहिला संच पाठवल्यावर दोन-चार दिवसांत मागा. निरोपात एक नेमका प्रश्न ठेवा, उदाहरणार्थ 'हळदीच्या गर्दीत आमच्या कामाचा अडथळा झाला का, तेवढं लिहिलंत तरी चालेल'. नुसतं 'रिव्ह्यू द्या' म्हटलं की 'नाइस वर्क' येतं, आणि त्यावरून पुढच्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणं गुगलच्या नियमात बसत नाही, एआयने लिहिलेले खोटे रिव्ह्यू तर नाहीतच. तक्रारीच्या रिव्ह्यूला एआयचा मसुदा जसाच्या तसा चिकटवू नका. ते सगळ्याचीच माफी मागतं आणि न विचारता पैसे परत द्यायचं कबूल करतं. दोन ओळींत वस्तुस्थिती लिहा, बाकी फोनवर बोला.

कॅप्शनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त कचरा तिथेच होतो. एआयला फोटो दिला आणि 'छान कॅप्शन लिही' म्हटलं की 'प्रेमाचा उत्सव' ठरलेला. फोटोत दिसत नाही ते तुम्ही पुरवायचं: मुहूर्त, जागा, प्रकाश, अडचण. समजा हे टिपण दिलंत: 'गोरज मुहूर्त, उघड्यावर मांडव, अंतरपाट दूर होईपर्यंत उजेड संपला, मागून एकच पिवळा दिवा, फ्लॅश वापरला नाही.' त्यावरून असं कॅप्शन निघू शकतं: 'गोरज मुहूर्त म्हणजे उजेडाशी शर्यत. अंतरपाट दूर झाला तेव्हा सूर्य गेला होता. फ्लॅश मारला असता तर मांडवातली सांज पुसली गेली असती, म्हणून मागे एकच पिवळा दिवा ठेवला.' हे वाचून गोरज मुहूर्त धरलेलं घर तुम्हाला फोन करतं. दर लग्नानंतर गाडीत बसल्या बसल्या दोन मिनिटांचं बोलकं टिपण फोनवर रेकॉर्ड करा, एआयकडून त्याचा मजकूर करून घ्या, त्यातून पाच-सहा पोस्ट निघतात. कॅप्शनची पहिली ओळच फीडमध्ये दिसते, बाकीचं 'आणखी'च्या मागे जातं. तेव्हा गाव किंवा कार्यालयाचं नाव त्या ओळीत बसवा.

वेबसाइट असेल तर जागांची पानं करा: पन्हाळा, वाईजवळचा मेणवली घाट, तुमच्या भागातली मोठी कार्यालयं. कुठल्या वेळी ऊन कुठून येतं, गाडी कुठे लावायची, कपडे कुठे बदलायचे, हे तुम्हाला ठाऊक असतं. एआयने ते फक्त नीट मांडायचं. परवानगी आणि शुल्काचे आकडे मात्र त्याच्याकडून घेऊ नका, ते बिनधास्त ठोकून देतं. पन्हाळ्यासारख्या संरक्षित स्मारकात काय चालतं ते थेट पुरातत्त्व खात्याकडे विचारा. वर्षभराच्या पोस्टचं वेळापत्रकही एआय करून देतं, पण तुळशीचं लग्न, चातुर्मास आणि मुहूर्त यांच्या तारखा पंचांगातून पाहून तुम्हीच भरा. पॅकेजची माहिती केवळ पोस्टरच्या चित्रात न ठेवता पानावर मजकूर म्हणूनही लिहा. गुगल काय किंवा लोक आता ज्यांना विचारतात ते चॅटबॉट काय, लिहिलेला मजकूर त्यांना सहज सापडतो. पोस्टरवरची मराठी अक्षरं एआयच्या चित्रात उमटवू नका, जोडाक्षरं फुटतात. कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपात हाताने टाइप करा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत.

चेहरा ओळखून फोटो देणारी गॅलरी हा मला एआयचा सगळ्यात थेट धंदा देणारा उपयोग वाटतो. क्विकपिकसारखी अ‍ॅप आहेत. कार्यालयात क्यूआर कोड लावायचा, पाहुणे सेल्फी देतात, त्यांना आपापले फोटो मिळतात, वर तुमच्या स्टुडिओचं नाव. आलेल्या पाहुण्यांत पुढच्या वर्षी लग्न असलेली घरं असतातच. दोन गोष्टी सांभाळा. कोड जेवणाच्या रांगेजवळ लावा, स्टेजजवळ लावलेला कुणी पाहत नाही. आणि यजमानांची लेखी संमती घ्या, कोडखाली 'सेल्फी फक्त फोटो शोधण्यासाठी' असं लिहा आणि ते खरंच पाळा. गॅलरीतून मिळालेल्या नंबरांवर जाहिराती पाठवायला लागलात तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आडवा येऊ शकतो.

कायद्यावरून आणखी एक, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाचे फोटो जाहिरातीत वापरायचे असतील तर बुकिंगच्या कागदावर तसं कलम हवं. त्यातच 'एआय साधनांत वापरायला परवानगी आहे/नाही' अशी एक चौकट ठेवा. कराराचा मसुदा एआयकडून घ्या, पण वकिलाला दाखवा. लहान मुलांचे फोटो कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकू नका. चॅटजीपीटीच्या 'डेटा कंट्रोल्स'मध्ये मॉडेल सुधारण्यासाठी मजकूर वापरायचा पर्याय असतो, तो बंद करा.

फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलने (फोटोतला निवडलेला भाग एआयने नव्याने भरणारी सोय) मांडवातली वायर पुसली तरी इन्स्टाग्राम त्या फोटोला एआयची खूण लावू शकतं, कारण फाइलमध्ये तशी नोंद राहते. २०२४ मध्ये यावरून फोटोग्राफरांनी बरीच ओरड केली आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने ती खूण 'मेड विथ एआय' बदलून 'एआय इन्फो' केली. पोर्टफोलिओच्या फोटोंत वायर जुन्या क्लोन स्टॅम्पने (शेजारचा भाग उचलून वर चिकटवणारं साधन, यात एआय नाही) काढणं बरं.

पैशांचं: सुरुवातीला चॅटबॉटची फुकट आवृत्ती पुरते. पहिला खर्च गॅलरीच्या अ‍ॅपवर करा. मेटाची जाहिरात त्यानंतर, थेट व्हॉट्सअ‍ॅपवर आणणारी, रोज ३०० रुपये, सात दिवस, तीसेक किलोमीटरच्या घेरात, आणि तीही सीझनच्या तीन-चार महिने आधी. जाहिरात बनवताना 'अ‍ॅडव्हांटेज प्लस क्रिएटिव्ह'मधले आपोआप सुधारणेचे पर्याय एकेक करून बंद करा, नाहीतर मेटा तुमच्या फोटोचा उजेड बदलेल, कडा वाढवेल आणि वर संगीत चढवेल. आलेल्या प्रत्येक चौकशीला 'कुठून कळलं?' विचारून व्हॉट्सअ‍ॅपच्या लेबलमध्ये नोंदवा. सात दिवसांत चौकशा आल्या पण एकही बुकिंगपर्यंत गेली नाही, तर जाहिरात वाढवू नका, क्विक रिप्लाय पुन्हा लिहा.